मागच्या दाराचा दवाखाना

गावपरिषदेचं सदस्यपद माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. आधीचे सदस्य मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि त्यांच्या मुदतीतलं एक वर्ष उरलं. एका वर्षासाठी कोण उभं राहणार? पाच वर्षं मिळाली तर चार वर्षं खुर्ची उबवता येते आणि पाचव्या वर्षी एखादा रस्ता उरकून टाकता येतो. एका वर्षात नुसतं कामच करावं लागतं. माझा एकटीचाच अर्ज आला, मी बिनविरोध निवडून आले आणि चौकातल्या चहावाल्याने संध्याकाळपर्यंत सगळीकडे सांगून टाकलं की शिवणाऱ्या ताई आता गावाला ठिगळं लावणार. या चहावाल्याला गाव रेडिओ म्हणतं. का ते वेगळं सांगायला नको.

मी तीस वर्षं कपडे शिवते. गावातल्या प्रत्येकाच्या कंबरेचा घेर मला पाठ आहे. कोण खंगत चाललंय, कुणाचा एक खांदा उतरलाय, कुणाच्या पायाला सूज आहे, हे मला घरच्यांच्या आधी कळतं. कळतं आणि मी गप्प बसते, कारण माप घेणाऱ्या बाईने तोंड उघडलं की तिचा धंदा बसला. एवढ्या गुपितांवर बसून माझा स्वभाव जरा तिखट झालाय असं आमच्या यांचं म्हणणं आहे. हे दुधाचा टँकर चालवतात आणि फार बोलत नाहीत, त्यामुळे मी त्यांचं म्हणणं मनावर घेते.

पहिल्याच बैठकीत आरोग्य खात्याचं पत्र वाचलं गेलं. ज्या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात दोन हजार चारशे नोंदी होणार नाहीत, तो वर्षअखेरीस बंद करून नर्सची बदली करण्यात येईल. आमच्या दवाखान्यात आदल्या वर्षी आठशेही नोंदी नव्हत्या. दुसरा दवाखाना म्हणजे थेट शहर, डोंगरापलीकडे, दोन बस बदलून अडीच तास. ज्याला रोज इंजेक्शन लागतं त्याने रोज पाच तास प्रवास करायचा, नाहीतर इंजेक्शन सोडून द्यायचं. आमच्या गावातली माणसं मी ओळखून आहे. ती इंजेक्शन सोडून देतील आणि वर मला काही झालेलंच नाही असं ठासून सांगतील.

अध्यक्ष म्हणाले, "बघू."

आमच्या परिषदेत 'बघू' म्हटलं की कागद कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली हरवते.

"बघू नका," मी म्हटलं. "हे काम माझ्याकडे द्या."

त्यांनी ते इतक्या आनंदाने दिलं की मला तिथेच संशय यायला हवा होता.

आता खरी गोष्ट. दवाखान्यात माणसं का जात नाहीत हे मला शोधायची गरज नव्हती. मी स्वतःच जात नव्हते.

दवाखान्याची खोली बरोबर चौकात आहे. रस्त्याच्या बाजूला ही एवढी मोठी काचेची खिडकी आणि समोर रेडिओचं दुकान. दुकानाच्या बाकावर सकाळपासून पाच-सहा जण बसलेले. तुम्ही दवाखान्याची पायरी चढलात की नर्सबाईंच्या आधी तेच तुमचं निदान करणार. खोकला घेऊन आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याची फुफ्फुसं निकामी झालेली असायची. आमचा गवंडी एकदा चक्कर आली म्हणून गेला. चक्कर तासाभरात थांबली, पण त्यानंतर वर्षभर त्याला कुणी परांचीवर चढू दिलं नाही. परांची म्हणजे बांबूचा माळा. वर्षभर बिचारा जमिनीवर उभा राहून वाळू चाळत होता. हे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे शहाणे झाले.

शहाणे झाले म्हणजे मागच्या बोळाने जायला लागले. नर्सबाई दवाखान्याच्या मागच्याच दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार बोळात उघडतं. संध्याकाळी पाचनंतर त्या दाराशी वर्दळ सुरू व्हायची, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी निमित्त असायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात वाटी होती. मीठ मागायला गेले होते. गावाच्या दुसऱ्या टोकावरून, वाटेतली चाळीस घरं सोडून. आत बघते तर चार जण बसलेले. एकाकडे रिकामी बाटली, एकाकडे छत्रीची तुटलेली मूठ, एकीच्या हातात उलट धरलेलं पुस्तक. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नर्सबाई चुलीवरचं भांडं उतरवत म्हणाल्या, "मिठासाठी नंबर पाचवा. बसा."

माझा उजवा हात थरथरतो. गेल्या वर्षी सुरू झालं. आधी अंगठा, मग दोन बोटं, मग सगळा पंजा. मशीनवर कळत नाही, कारण कापड दाबून धरलं की हात स्थिर राहतो. पण सुईत दोरा ओवताना, काजं करताना, खडूने रेघ मारताना तो माझं ऐकत नाही. शिवणाऱ्या बाईचा हात थरथरतो हे गावाला कळलं तर काय होईल? शाळेचे एकशे चाळीस गणवेश दरवर्षी माझ्याकडे असतात, त्यावरच आमचं घर निम्मं चालतं. थरथरत्या हाताला कोण कात्री देईल? म्हणून वाटी.

घरीसुद्धा मी सांगितलं नव्हतं. पण मी उठायच्या आत हे टँकर घेऊन निघतात, आणि काही महिन्यांपासून माझ्या टाचणीच्या उशीत रोज सकाळी पाच सुया दोरा ओवून तयार असायच्या. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही. मला त्या सुया बघून रडू यायचं आणि रागही यायचा. मी त्याच सुया वापरायचे.

तर अशी मी, स्वतः मागच्या दाराची पेशंट, आणि लोकांना पुढच्या दाराने आणायचं काम घेऊन बसले होते.

पहिले दोन महिने मी घरोघर फिरले. मागच्या दाराने आलेल्यांची रजिस्टरमध्ये नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही तर दवाखाना जाईल, नर्सबाई जातील, हे एकेकाला समजावलं. सगळ्यांना पटलं. इतक्या लवकर पटलं की माझा मलाच अभिमान वाटला. "हो ताई, अगदी खरंय, येऊ की," म्हणायचे आणि संध्याकाळी बोळातून आत यायचे. काहींची तर मला तिथेच गाठ पडायची. मग ते छताकडे बघायचे आणि मी वाटीकडे.

मग मी म्हटलं, खिडकीला पडदा लावू. जाड, दुहेरी कापडाचा पडदा मीच शिवला. लावून बघते तर खाली वीतभर तोकडा. माप मी नीट घेतलं होतं, खडूची रेघ हलली होती. तीस वर्षांत माझ्या हातून कधी असं झालं नव्हतं. बाकावरच्या मंडळींना मात्र नवीन खेळ मिळाला. पडद्याखालून पेशंटचे पाय तेवढे दिसायचे, आणि चपलेवरून माणूस ओळखायची पैज लागायला लागली. त्या महिन्यात नोंदी आणखी घटल्या. पडदा मी काढून आणला आणि त्याची पायपुसणी केली.

रेडिओ माणूस वाईट नाही. त्याला वाटत होतं आपल्यामुळे काहीतरी बिघडतंय आणि ते आपणच दुरुस्त केलं पाहिजे. सहाव्या महिन्यात एक दिवस तो माझ्या दारात आला.

"ताई, तुम्हाला नोंदीच पाहिजेत ना?"

"हो."

"मग देतो की. तुम्ही निवांत राहा."

मी त्याच वेळी विचारायला हवं होतं की कशा देणार. शिलाईचं काम अंगावर होतं, मी नुसती मान हलवली. ती मान मला पुढे फार महागात पडली.

पुढच्या तीन दिवसांत एकशे चाळीस माणसं दवाखान्याच्या पुढच्या दाराने आत गेली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, हसत. सगळ्यांचं डोकं दुखत होतं. ज्या माणसांनी आपला खरा आजार सांगायला जीव गेला तरी तोंड उघडलं नसतं, ती खोटा आजार सांगायला रांग लावून उभी होती. नर्सबाई म्हणाल्या, "खरंच दुखतंय का?" तर म्हणे, "फार दुखतंय." समोरचा माणूस दुखतंय म्हणाला की लिहून घ्यावं लागतं. त्यांनी लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी आरोग्य खात्याची गाडी आली. एका गावात तीन दिवसांत एकशे चाळीस डोकी दुखली, तर ते पाण्यातच काहीतरी आहे असं समजणार नाहीत तर काय? तपासणी अधिकारी तरुण होता, बोलायला सौम्य, आणि फार शिस्तीचा. त्याने विहिरीला सील ठोकलं आणि पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या. चार दिवस सगळ्या गावाने नदीवरून पाणी वाहिलं. त्या चार दिवसांत खरोखर डोकी दुखली, पण तेव्हा दवाखान्यात जायची कुणाची हिंमत झाली नाही.

पाणी चांगलं निघालं. अधिकाऱ्याने मग घरोघर चौकशी केली आणि काय ते त्याच्या लक्षात आलं. त्याने लाल पेनाने एकशे चाळीस ओळी खोडल्या, खाली 'नोंदी अविश्वसनीय' असं लिहिलं आणि नर्सबाईंकडून लेखी खुलासा मागितला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या बाईला कुणी साधा प्रश्न विचारला नव्हता.

मी रेडिओच्या दुकानात गेले. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले.

"खोटं सांगायला तुम्हाला लाज वाटली नाही," मी म्हटलं, "आणि खरं सांगायला वाटते. धन्य आहे तुमची."

परत येताना मला माझीच वाटी आठवली आणि पुढचं भाषण माझ्या घशातच राहिलं. त्या दिवशी मी ठरवलं की आता समजावणं बंद. लोकांना समजलेलंच आहे. काहीतरी वेगळा मार्ग शोधायला पाहिजे आणि तो कागदात असेल तर कागदात घुसायला पाहिजे.

जिल्ह्याच्या कचेरीत मी तीन वेळा गेले. पहिल्या वेळी संबंधित माणूस जेवायला गेला होता. दुसऱ्या वेळी तो जेवून आला होता पण संबंधित नव्हता. तिसऱ्या वेळी मी शिवणाची पिशवी बरोबर नेली, त्यांच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि काजं करायला घेतली. दुपारपर्यंत सहा शर्ट झाले. हात थरथरत होता, पण तिथे मला कोण ओळखतंय? शेवटी एका कारकुनाला माझी दया आली किंवा कंटाळा आला, आणि त्याने नियमांची पुस्तिका माझ्या हातात ठेवली. बत्तीस पानं. मी ती बसमध्ये वाचली, घरी वाचली, मशीनपाशी उघडी ठेवून वाचली. सत्ताविसाव्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात होतं: दवाखान्याच्या बाहेर दिलेल्या उपचाराची नोंद, रुग्णाने स्वतः अधिकाऱ्यासमोर खातरजमा केल्यास, वर्षअखेरपर्यंत उशिराने घेता येईल.

मी पुस्तिका घेऊन तडक नर्सबाईंकडे गेले. वाटी न घेता.

त्यांनी पिठाच्या डब्यामागून एक जाड वही काढली. स्वयंपाकघरात आलेल्या प्रत्येकाची प्रत्येक खेप तिच्यात होती. तारीख, दुखणं, औषध. नाव मात्र कुठेच नव्हतं, नावाच्या जागी आकडा. एक ते त्रेसष्ट.

"नावं?" मी विचारलं.

"ती माझ्या डोक्यात आहेत आणि तिथेच राहतील. मी शब्द दिलाय त्यांना."

"बाई, तुमची बदली होईल."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "बदली झालेली परवडेल. त्रेसष्ट माणसांना तोंड दाखवता येणार नाही असं नको व्हायला."

मला त्यांचा रागही आला आणि आदरही वाटला. आम्ही बेरीज केली. पुढच्या दाराच्या नोंदी वर्षअखेरपर्यंत साधारण आठशे ऐंशी होतील. वहीतल्या सोळाशे नव्वद. मिळून दोन हजार पाचशे सत्तर. लागत होत्या दोन हजार चारशे. म्हणजे त्रेसष्टपैकी जवळजवळ सगळ्यांनी पुढे येऊन 'हा आकडा माझा' म्हटलं तरच दवाखाना राहणार होता. सात-आठ जण गप्प बसले की संपलं.

अधिकाऱ्याला मी विनंती केली की एकेकाला आत बोलावून विचारा. त्याने मान हलवली.

"ताई, एकशे चाळीस डोकेदुख्या झाल्यानंतर मी बंद खोलीत कुणाचं ऐकू? उद्या माझीच चौकशी लागेल. गावसभेत, सगळ्यांसमोर सांगायला लावा. खोटं असेल तर शेजारीच हसतील. तेवढा पुरावा मला पुरे."

त्याचं चुकत नव्हतं. आमचं आम्हीच करून ठेवलं होतं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस ठरला.

त्या दिवशी यांची सुट्टी होती. सकाळी हे माझ्या समोर बसून सुया ओवत होते, उघडपणे, पहिल्यांदाच.

"तू सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हाताचं."

इतके महिने जे आम्ही दोघांनी पोटात ठेवलं होतं ते असं टेबलावर आलं. मी म्हटलं, "गणवेश जातील."

"जातील," हे म्हणाले. माणूस खोटा धीर देत नाही, हे मला त्यांचं आवडतं. "सुया मी ओवीन. बाकीचं तुझं तू ठरव."

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत परिषदेचे अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि त्यांच्या मागे सगळं गाव. नर्सबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात घट्ट बांधून. अधिकाऱ्याने नियम वाचून दाखवला, वही उघडली आणि म्हणाला, "क्रमांक एक. गुडघेदुखी, एकतीस खेपा."

कुणी उठलं नाही.

"क्रमांक दोन. साखर, इंजेक्शन, एकशे बारा खेपा."

पंखा तेवढा फिरत होता. माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. रेडिओसुद्धा गप्प होता, यावरून काय ते समजा.

"क्रमांक तीन."

मला वाटलं होतं की माझा आकडा येईपर्यंत दोन-चार जण उठतील आणि मग माझं उठणं सोपं जाईल. कुणी उठत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघत होता, आणि मीसुद्धा. वर्षभर मी सगळ्यांना नावं ठेवली होती. आता तीच मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते, म्हणजे हात दिसू नये.

मी उठले.

"क्रमांक एकोणीस मी आहे," मी म्हटलं. "एकोणीसपर्यंत थांबत नाही. माझा उजवा हात थरथरतो. दीड वर्ष झालं. सुईत दोरा जात नाही, रेघ सरळ येत नाही. दवाखान्याच्या खिडकीचा पडदा वीतभर तोकडा झाला तो याच हाताने. वर्षात चोवीस वेळा मी मीठ मागायच्या निमित्ताने नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. आमच्या घरात मीठ भरपूर आहे."

हात मी पुढे धरला. सगळ्यांना दिसेल असा. तो माझ्या आयुष्यात कधी थरथरला नसेल इतका थरथरला.

कुणी हसलं नाही. मी तशीच उभी राहिले. खाली बसायचं नाही असं मी ठरवलं, वाटेल तेवढा वेळ लागला तरी. मला भीती वाटत होती. गणवेशांची, या दोनशे डोळ्यांची, आणि हे सगळं करून पुन्हा कुणी उठलंच नाही तर त्याची.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रेडिओ.

"क्रमांक दोन," तो म्हणाला. "साखर. एकशे बारा वेळा. दिवसभर लोकांना गोड चहा पाजतो आणि मला चालत नाही. समोरून गेलो असतो तर माझ्याच बाकावर माझी चर्चा झाली असती." त्याने बाकावरच्या मंडळींकडे पाहिलं. "आणि मीच सुरू केली असती."

आता मात्र लोक हसले, आणि त्या हसण्यात काहीतरी सैल झालं. गवंडी उठला. क्रमांक एक, गुडघे. वर चढू दिलं नाही तरी चालेल म्हणाला, गुडघ्यांमुळे त्यालाच चढायचं नव्हतं. मग एक म्हातारबाबा काठी टेकत उठले. मग दोन सख्ख्या जावा एकाच वेळी उठल्या आणि एकमेकींकडे बघतच राहिल्या, कारण दोघी एकाच घरातून वेगवेगळ्या वारी जात होत्या. अधिकारी लिहीत होता, पानं उलटत होता, मधूनच म्हणायचा, "हळू, एकेक जण." अध्यक्षही उठले. क्रमांक चव्वेचाळीस, रक्तदाब. वर्षभर 'बघू' म्हणणाऱ्या माणसाचा रक्तदाब कशाने वाढतो, हा प्रश्न मला पडला, पण त्या दिवशी मी तो विचारला नाही.

शेवटी अधिकाऱ्याने बेरीज केली आणि पुन्हा एकदा केली. दोन हजार चारशे एकोणतीस.

नर्सबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रडत होत्या. मीही.

दोन आकडे रिकामे राहिले होते. ते कुणाचे, हे नर्सबाईंना माहीत आहे आणि स्वयंपाकघरात इतक्या वेळा बसल्यामुळे मलाही. मी कुणाला सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी शाळेतून चिठ्ठी आली. यंदाचे गणवेश शहरातून तयार मागवण्यात येत आहेत, आपण हाताला विश्रांती द्यावी, शुभेच्छा. खाली मुख्याध्यापिकांची सही. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. ही सही करणाऱ्या बाई त्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारी, पुस्तक उलट धरून, किती वेळा बसल्या होत्या! एक वाक्य बोलले असते तर त्यांची नोकरी माझ्या गणवेशांच्या मागोमाग गेली असती. ते वाक्य दोन दिवस माझ्या जिभेवर होतं. रेडिओच्या दुकानावरून दोनदा गेले, दोन्ही वेळा तो म्हणाला, "काय ताई, काही विशेष?"

"काही नाही," मी म्हटलं. आता तुम्हाला सांगून बसले खरी, पण गावात हे कुणाला माहीत नाही, आणि होणारही नाही. ज्याने त्याने आपलं आपण उठायचं असतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी सकाळी आठलाच निघाले. चौकातून, सरळ, पुढच्या दाराने. माझी मुदत संपून दोन दिवस झाले होते, म्हणजे मी आता कुणाचीच सदस्य नव्हते, नुसती पेशंट होते. मनात म्हटलं, निदान पहिला नंबर तरी लागेल.

पायरी चढून बघते तर आतलं बाक भरलेलं. गवंडी, म्हातारबाबा, दोन्ही जावा शेजारी-शेजारी, आणि ज्यांना मी स्वयंपाकघरातही कधी पाहिलं नव्हतं असे तिघे. मला बसायला जागा नव्हती. वर्षभर ज्या बाकावर माणूस आणायला मी जिवाचं रान केलं, त्याच्यावर मलाच कुणी सरकून जागा देईना. मला इतका आनंद झाला की मी गवंड्यावर खेकसले, "पाय जवळ घे, वाट अडवतोस."

रेडिओने आपल्या दुकानातली खुर्ची आणून बाहेर पायरीपाशी ठेवली. मी तिच्यावर बसले, अगदी रस्त्याकडे तोंड करून, हात मांडीवर मोकळा सोडून. तो आपला थरथरत होता. येणारे-जाणारे बघत होते आणि पुढे जात होते.

खालच्या आळीतली एक सून कापडाचा गठ्ठा काखेत मारून चालली होती. शहराच्या बसकडे. माझ्यासमोर येऊन थांबली. आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, पडदे शिवून द्याल का? चार आहेत," ती म्हणाली आणि जरा घुटमळली. "सरळच शिलाई आहे. सोपी."

सोपी. तीस वर्षं मी कॉलर बसवल्या, कोट शिवले, आणि ही पोर मला दया म्हणून सरळ शिलाई द्यायला निघाली होती. मला असा काही राग आला. मग लक्षात आलं की तिने सगळं बघितलंय, सगळं ऐकलंय आणि तरीही बस सोडून ती इथे थांबलीय.

"सोपं काम मी घेत नाही," मी म्हटलं. "खाली झालर लावून देईन. माप आणलंस का?"

तिने मापाचा कागद काढला. मी गठ्ठा मांडीवर ओढून घेतला, कापड बोटांत धरून त्याची वीण पाहिली आणि तिला म्हटलं की माप मी स्वतः येऊन घेणार, लोकांच्या मापावर माझा विश्वास नाही.

आतून नर्सबाईंचा आवाज आला, "आठवा नंबर कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं, आणि कापड तिच्याकडे सांभाळायला देऊन आत गेले.